आमच्या काळीचे डोळे

आमच्या वहिनीने मांजराचा फोटो काढला आणि गावाचं काय झालं, ते ऐका. मुरबाडच्या पुढे आमचं गाव. मांजर काळंकुट्ट, म्हणून नावही काळी. त्या संध्याकाळी व्होल्टेज कमी होतं आणि काळी माळ्यावरच्या अंधारात बसली होती. वहिनीने खालून मोबाइलचा फ्लॅश मारला. फोटोत मांजर कुठेच नाही, नुसते दोन हिरवे डोळे! तिने तो गावच्या ग्रुपवर टाकला, 'ओळखा कोण?'

चहा उकळेपर्यंत गावाने ओळखलं, बिबट्या! सिद्धगडावरून उतरला म्हणे. पटापट दारं लागली. उपसरपंच काठी घेऊन धापा टाकत आमच्याकडे आले, तर वहिनीच्या कडेवर काळी.

"अवो, बिबट्या कसला? आमची काळी हाय. सांगते ग्रुपवर."

"वयनी, थांबा! रस्त्याला दिवे मागून मागून आमी थकलो, कोन बघत नव्हता. बिबट्या म्हटल्यावर तालुक्याच्या सायबाचा सोताहून फोन आला. दिवे लागंपर्यंत काय बोलू नका."

आठवड्याभरात दिवे लागले. पहिल्याच खांबावर बॅनर, त्यावर हात जोडलेले उपसरपंच.

वहिनी अजून धुमसतेय. "डोळं माझ्या काळीचं, नि बॅनरवर थोबाड याचं!"