डावं चाक बाहेर

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत गॅरेजच्या बाकावर बसून राहण्यावाचून बाईंना इलाज नव्हता. समोर एक नवरा-बायको आपल्या जीपच्या मागे उभे होते. बाईंनी मोबाइलमध्ये डोकं घातलं, पण कान तिकडेच.

“अहो, डावं चाक बघा. चांगलं दोन बोटं बाहेर आलंय.”

“तुझं काहीतरीच. गाडी उंच केली की तसं वाटतं.”

“वाटत नाही. मागून येत होते मी. खेकड्यासारखी तिरकी चालली होती.”

“रस्ताच तसा आहे.”

“आणि मिस्त्री काय म्हणाले? स्प्रिंगा उंच घातल्या, पण अ‍ॅक्सलला जागेवर धरणारा आडवा दांडा जुनाच ठेवला. तो आता आखूड पडतोय, म्हणून अख्खा अ‍ॅक्सल एका अंगाला ओढतोय.”

“त्यांना काय, काम हवंच असतं. सगळं मी स्वतःच्या हातानं बसवलंय.”

“म्हणून तर विचारतेय. घाटात चालेल?”

“धावेल! किती वेळा सांगू?”

“मग काल सासूबाईंना आणायला टॅक्सी का केलीत?”

“गाडी उंच झालीय. चढताना तिचे गुडघे दुखतात.”

“बरं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. छकुलीला घेऊन आत्ताच घाट उतरते. द्या किल्ली.”

बाईंचं बोट मोबाइलवर थबकलं.

“द्या ना.”

“उद्या जा.”

“उद्या काय आपोआप सरळ होणार आहे ती?”

खिशात किल्ली खुळखुळली. बाहेर मात्र आली नाही.

“थांब जरा. तुम्हा दोघींनाही टॅक्सी बोलावतो.”