एकतीस नंबर

टालिया : मम्मा! इथे 'आमेन' नाही ओरडायचं!

मम्मा : ओरडले कुठे? निघालं तोंडातून. ती बाई किती छान बोलली!

टालिया : ही नगरपरिषद आहे, चर्च नाही! अध्यक्षांनी वळून बघितलं. टाळ्यासुद्धा चालत नाहीत. पटलं की हात वर करून बोटं हलवायची. अशी.

मम्मा : नेलपॉलिश वाळवल्यासारखी?

टालिया : हो, वाळव, पण गप्प राहून! तुझं पाठ झालंय ना?

मम्मा : नाव सांगायचं, गल्ली सांगायची, 'माझी दोन मिनिटं माझ्या मुलीला देते' म्हणायचं आणि गुपचूप येऊन बसायचं.

टालिया : शाब्बास! मग माझी चार मिनिटं होतात, आणि चार मिनिटांत मी त्यांना लोळवते. तलावाकाठच्या टोलेजंग इमारतींना नवी कोरी ट्राम, आणि आमची एकतीस नंबरची बस बंद? नकाशा दाखवणार, आकडे फेकणार...

मम्मा : फेक हवे तेवढे. माझं नाव तेवढं घेऊ नकोस.

टालिया : का? बस गेली तर तुझी नोकरी जाईल. तेच तर सांगायचंय!

मम्मा : चारचौघांत माझं रडगाणं नको गं, पोरी.

टालिया : रडगाणं काय त्यात? ही सगळी गल्ली उगाच आलीय का? दार न् दार वाजवलंय मी.

मम्मा : माहितीय. माझे बूट घालून. टाचा पार झिजवून आणल्यास, बाईसाहेब.

अध्यक्ष : पुढचं नाव, व्हर्नेल टिल्मन.

टालिया : जा! माईक तोंडाजवळ धर.

मम्मा : मी व्हर्नेल टिल्मन, राहणार क्लेबोर्न स्ट्रीट. माझी दोन मिनिटं...

अध्यक्ष : कुणाला देताय?

मम्मा : देते हो. आधी एकच सांगते. एकतीस रिकामी धावते म्हणालात ना तुम्ही?

अध्यक्ष : अहवालात तसं आहे.

मम्मा : पहाटेची बघितलीय कुणी? मी चढले की ओटिस ड्रायव्हर हीटर वाढवतो. मागे आम्ही सगळ्या जणी. कुणी हॉस्पिटलात फरशी पुसते, कुणी शाळेत रांधते. मी वृद्धाश्रमात असते. तिथे नोवाक आजोबा आहेत, ते माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाहीत. गेल्या हिवाळ्यात इतका बर्फ पडला की बस आलीच नाही. मी चालत गेले. पोचेपर्यंत दुपार. बघते तर आजोबा दाराकडे तोंड करून बसलेले, पुढ्यातली लापशी गारढोण. मी म्हटलं, 'खाल्लं का नाही हो?' तर म्हणाले...

अध्यक्ष : वेळ संपली, बाई.

मम्मा : अगं बाई! टालिया, तुझी मिनिटं खाल्ली गं मी!

(सभागृहभर हात वर. बोटं हलताहेत.)

अध्यक्ष : शांत... हं, शांतच आहात. पुढचं नाव, टालिया टिल्मन.

टालिया : मी टालिया टिल्मन, राहणार तिथेच. माझी दोन मिनिटं मी माझ्या आईला देते.

मम्मा : वेडी का काय! रात्रंदिवस पाठ केलंस, तो नकाशा...

टालिया : राहू दे नकाशा. मम्मा, माईक सोडू नकोस.

मम्मा : आता काय बोलू मी?

अध्यक्ष : बोला, मिसेस टिल्मन. काय म्हणाले आजोबा?

मम्मा : म्हणाले, 'एकतीस आली नाही वाटतं आज.'