तिसरी खुर्ची

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक सुतार आणि त्यांचे व्याही नंबर यायची वाट पाहत होते. समोर टीव्हीवर दोन महासत्तांची बोलणी दाखवत होते. बोलणी आपल्याच देशात चालली होती.

"त्या खुर्च्या दिसतात ना, व्याहीबुवा? माझ्या हातच्या आहेत."

"काय सांगता."

"जुन्या महासत्तेची माणसं सकाळीच टेप घेऊन आली. म्हणाली, त्यांची खुर्ची आमच्यापेक्षा उंच चालणार नाही."

"आणि नवे?"

"ते दुपारी आले. म्हणाले, आजवर खाली बसलो तेवढं पुरे, आता केसभरही खाली बसणार नाही."

"मग हो?"

"मग काय, दोन्ही एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या केल्या. तरी पुन्हा मोजल्या. गाद्यासुद्धा दाबून पाहिल्या."

"हत्तींची झुंज आणि तुमच्या रंध्याला काम. आणि मधे आपले पंतप्रधान बसलेत, ती खुर्ची?"

"तीही माझीच."

"ती कोणी मोजली?"

"यजमानाची खुर्ची कोण मोजतो? तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही."

"तरीच."

"काय तरीच?"

"आपले साहेब मघापासून दोघांच्या डोक्यावरून बघतायत. मला वाटलं, मुळातच उंच असतील."

"उंच कसले? माझ्या खांद्याला लागतात. पाय टेकायला टेबलाखाली फळी ठोकून दिलीय मी."