मालक बी मीच, ड्रायव्हर बी मीच

भोकरदनच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागायची होती. राजनंदिनीच्या कानात वायर होती, पण गाणं तिनं केव्हाच बंद केलं होतं. मागच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं बोलणं त्याहून रंगलं होतं.

“शेठच्या ट्रकवर राबणं आता बस झालं. सोताचा ट्रक घेतो. मालक बी मीच, ड्रायव्हर बी मीच.”

“घ्या की. मंग ह्या दिवाळीला घरी राहताल ना?”

“दिवाळीला? ऐन सीजनात ड्रायव्हरला सुट्टी देऊन मालकानं काय टाळ्या वाजवायच्या?”

“मागच्या दिवाळीला शेठनं सुट्टी दिली न्हाई, तर किती शिव्या देऊन राह्यल्ते!”

“तवाची गोष्ट येगळी.”

“बरं. रस्त्यात झोप आली तर गाडी बाजूला लावून पडताल ना?”

“एकदा झोपू दिलं की ड्रायव्हर डोक्यावर बसतो. मोंढ्यात माल टाइमावर पोचला पायजे, बिलकुल.”

“आन् ताप आला तर?”

“गोळी खायची, स्टेरिंग धरायचं. ह्यांची समदी नाटकं मला माहितेत.”

“कोणाची?”

“ड्रायव्हर लोकांची!”

राजनंदिनीला हसू आवरेना. तिनं ओढणी तोंडाला लावली.

“आवं, पण तो ड्रायव्हर तुमीच ना?”

तेवढ्यात जालन्याची गाडी लागली आणि सगळा स्टँड दाराकडं धावला. त्या रेटारेटीत राजनंदिनीच्या कानामागं त्या नवऱ्याचा आवाज आला, आता जरा पडलेला.

“ऐक, असल्या मालकापाशी आपलं जमायचं न्हाई. त्यापरीस शेठ बरा. तापात तरी घरी जाऊ देतो.”