ऑर्फाचं घर नदीपार

— स्क्रू आधी खिशात घाल. माझ्या दाराला भोक पाडायचं नाही, मग काय ते बोल. पडलास ना पायरीवर? बरं झालं! सकाळीच राख टाकलीय, दुपारपर्यंत सगळा बर्फ खलास — राख बर्फ खाते, हे मिसिसिपीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तुम्ही लूमिस पडलात टेकडीवरचे, तुम्हाला कोण सांगणार? वाच ती हातातली पाटी. मोठ्यानं वाच, मी व्हर्ना टटल अजून बहिरी झालेली नाही. ‘लूमिसपोर्टचं पहिलं घर, संस्थापक मेजर अँब्रोज लूमिस यांचं.’ वा रे वा! मेजरचं घर कुठाय सांगू? नदीच्या तळाशी आहे. तिथे जा नि ठोक पाटी.

हे घर माझ्या खापरपणजीचं, ऑर्फा टटलचं. गाव तेव्हा पलीकडच्या सखल तीरावर — दर वसंतात पाणी, चिखल, ताप. शेवटी ठरलं, हिवाळ्यात नदी गोठली की घरांखाली ओंडके बांधायचे, बैल जुंपायचे नि घरंच्या घरं इकडे ओढायची. ज्याचं घर आधी पोचेल त्याचं नाव गावाला — हे कोण म्हणालं? तुझा मेजरच! आणि बर्फ बघितल्यावर? टोपी काढून म्हणतो कसा, ‘आधी बाईमाणसं.’ विधवेचं घर पुढे घातलं, बर्फ पेलतो का बघायला! असा तुमचा संस्थापक.

ती डगमगली नाही. चूल पेटती ठेवून, वर घेवड्याचं भांडं चढवून घरातच बसली. मधोमध बैल घसरायला लागले, गुडघे टेकले, घर जागचं हलेना — गडी बोंबलताहेत, मेजर तीरावरून बघतोय — तेव्हा हिनं काय केलं? चुलीतली सगळी राख, निखाऱ्यांसकट, बैलांच्या पायांखाली ओतली. खुरांना पकड मिळाली नि घर पार! आहे का तुमच्यात अशी बाई?

मग मेजरला धीर आला. दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन पडल्यावर, तिच्याच मागावरून त्याचं दुमजली घर निघालं. मधोमध आलं, बर्फ फुटला नि गेलं खाली, चिमणीसकट. तो पुढे बैलांबरोबर होता, वाचला. त्याची बायको लव्हिनिया आत होती, तुझी खापरपणजी. वाईट झालं, पण विधवेला पुढे घालणाऱ्याला देवानंच दाखवलं, असं आमच्या घरात म्हणतात. लोकांना कीव आली नि नाव त्याचं लागलं. ऑर्फानं हक्क सांगितला नाही, चकार शब्द काढला नाही. का, ते आजवर आम्हाला कळलेलं नाही. तऱ्हेवाईकच होती म्हणा — पुढे मरेपर्यंत चुलीची राख परसात खड्डा खणून पुरायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही —

काय झालं? पायऱ्यांकडे काय बघतोस असा? राख आहे ती, सांगितलं ना मघाशी, सकाळी टाकली की दुपारपर्यंत —

काढ ते स्क्रू खिशातून. लाव तुझी पाटी. हो, त्याचंच नाव, जसंच्या तसं. आणि चालता हो इथून. पायऱ्यांवरून नको — कडेनं उतर.