एका फोनपुरता टॉवर

काकू: आणि तुझ्या फोनमधल्या नकाशावरचा हा पिवळा ठिपका कुठला रे?

पुतण्या: पाण्याच्या टाकीवरचा टॉवर. पिवळा म्हणजे काम चालू. आत्ता हिरवा होईल, बघ हं... झाला! बघितलंस?

काकू: अगंबाई! पण टाकी तर इथून, आपल्या गच्चीतून समोर दिसते. तिच्यावर काहीच हललं नाही.

पुतण्या: हलणार काय? आतल्या आत बदलतं सगळं. एवढ्या लोकांच्या खिशातल्या फोनांनी एका क्षणात जुना सिग्नल सोडला आणि नवा धरला. बोलणारे बोलतच राहिले असतील. माझी नोकरीच ही आहे काकू, रोज टॉवर मोजतो, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

काकू: आणि ज्यांचे फोन जुने, ते?

पुतण्या: ते मुके. जुनी यंत्रं काढून टाकली की त्यांचं ऐकायला काही उरतच नाही.

काकू: वा रे वा. दोन कंपन्यांनी लग्न लावलं आणि घराबाहेर काढलं माझ्या नवऱ्याच्या फोनला.

पुतण्या: म्हणून तर नवा आणून दिला ना! त्याच बनावटीचा, तसाच बटणांचा, आतून फक्त नव्या सिग्नलवर चालणारा. किती दुकानं पालथी घातली त्यासाठी.

काकू: तसाच म्हणे! कसा चकाकत होता. तुझ्या काकांनी हातात घेतला आणि मला परत दिला. म्हणाले, "कुणाचा तरी राहिलाय इथे, देऊन या." जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. माझं नाव विसरतात, पण रंगाची छटा चुकली की लगेच कळते.

पुतण्या: मग आज कसा घेतला?

काकू: त्याला अक्कल लागते. बसले मी पॉलिश पेपर घेऊन. घासला, पुसला, दोनच्या बटणावरचा आकडा पार घालवला. कोपऱ्याला तसाच टवका काढला. मागे तशीच चिकटपट्टी, तशीच निळी दोरी. आज दुपारी गळ्यात घातला, त्यांनी नुसता चाचपला आणि निघाले फिरायला. मला तर नाचावंसं वाटलं.

पुतण्या: कमाल आहेस तू!

काकू: कमाल काय, डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? दाराला कुलूप लावा, म्हणाले. मी सांगितलं, रस्ता चुकला तर ते दोनचं बटण दाबून धरतात, माझा फोन वाजतो, मी जाऊन घेऊन येते. ते बटण आहे तोवर कुलूप नाही. एकदा लावून बघितलं होतं, तर दाराशी उभे राहिले संध्याकाळपर्यंत. ओरडले नाहीत, काही नाही. नुसते उभे.

पुतण्या: नको आता तो विषय. जुना कुठे ठेवलास? बघू दे तुझी कारागिरी, कोणता कोणता ते ओळखता येतं का.

काकू: हा घे, खिशातच आहे. ओळखून दाखव, म्हणजे मानलं. माझं मलाच कळेना. चार्जिंगला शेजारी शेजारी लावले होते, तर दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

पुतण्या: मग ओळखलास कसा?

काकू: डावीकडचा नवा. मीच लावला होता डावीकडे.

पुतण्या: काकू.

काकू: काय?

पुतण्या: हे बघ, मागचं झाकण काढलंय. आत केशरी कार्ड आहे. हे आमच्या नव्या कंपनीचं. हा नवा फोन आहे.

काकू: काहीतरीच काय! नवा त्यांच्या गळ्यात आहे.

पुतण्या: त्यांच्या गळ्यात जुना आहे.

काकू: अरे देवा. मध्ये त्यांनीच उचलून इकडचा तिकडे ठेवला असणार. वस्तू सरळ ओळीत लागतात त्यांना. आणि मी मेली डावीकडचा म्हणून...

पुतण्या: थांब, घाबरू नकोस. आधी त्यांच्या जुन्या नंबरावर फोन लाव.

काकू: लावतेय... "संपर्क क्षेत्राच्या बाहेर." ऐक ना, संपर्क क्षेत्राच्या बाहेर म्हणतेय ती! आता रे? त्यांनी बटण दाबलं तरी वाजणार नाही. दाबत बसतील. आपलंच चुकलं म्हणून पुन्हा पुन्हा दाबत बसतील.

पुतण्या: नकाशा बघू दे. टाकी गेली. बाजार सकाळीच गेला. बसडेपो... तोही हिरवा झाला आत्ता. एकच राहिलाय, टेकडीवरचा. फक्त तिथेच जुना सिग्नल चालू आहे.

काकू: मग तो बंद करू नका म्हणावं!

पुतण्या: लावतो. टेकडीच्या टोळीचा मुकादम आहे, दादा म्हणतो आम्ही त्याला. हॅलो, दादा? टेकडीचं जुनं बंद केलंत? नाही ना? करू नका. हो, माहितेय वेळ ठरलीय. वरून फोन येतील तेही माहितेय. माझे काका बाहेर आहेत हो, त्यांच्याकडे जुना फोन आहे, त्यांना घरचा रस्ता... नाही, मस्करी नाही करत.

काकू: दे इकडे. हॅलो? मी याची काकू. तुमचं काम मोठं आहे, मला कळतं. मी अडाण्यासारखं बोलतेय असं वाटेल. पण माझा माणूस या गावात कुठेतरी उभा आहे, आणि त्याच्या हातात तुमच्याच जुन्या कंपनीचा फोन आहे. त्याला दुसरं काही येत नाही, एक बटण तेवढं येतं. थोडा वेळ राहू द्या चालू. तुमच्या पाया पडते.

पुतण्या: काय म्हणाला?

काकू: म्हणाला, "बसलोय मी, सांगाल तेव्हा." ...अरे, वाजला! माझा फोन वाजला!

पुतण्या: घे! स्पीकरवर टाक!

काकू: हॅलो! अहो!

काका: हॅलो. नमस्कार. हे बटण दाबलं की कुणीतरी बोलतं, म्हणून दाबलं. तुम्हाला त्रास तर नाही ना?

काकू: नाही हो, कसला त्रास. बोला ना. काय काय दिसतंय तिथून?

पुतण्या: (हळू आवाजात) कुठे आहात ते विचार ना.

काकू: (हळू आवाजात) कुठे म्हटलं की घाबरतात ते. काय दिसतं ते विचारायचं, मग बोलतात. ...हं, काय दिसतंय?

काका: आकाशात एक माणूस आहे.

काकू: माणूस?

काका: हो. लाल टोपी घातलीय. अगदी वर, ढगाला लागून. दोरीला टांगून घेतलंय आणि काहीतरी काम करतोय. इथे आल्यापासून त्यालाच बघतोय. मी हात केला तर त्यानेही केला.

पुतण्या: आमचाच माणूस! टेकडीवरच्या टॉवरच्या खाली उभे आहेत काका! काकू, हे बघ. हे बघ इथे.

काकू: आता आणि काय?

पुतण्या: टेकडीच्या टॉवरवर जुन्या सिग्नलचे किती फोन आहेत ते दिसतं इथे. एक. बाकी सगळ्या गावातले नव्यावर गेले. एवढा मोठा टॉवर, एवढी यंत्रं, एवढी वीज, आणि या घडीला ते सगळं एका फोनसाठी चालू आहे. तो एक म्हणजे काका, काकू. तुझ्याशी बोलतायत ते.

काकू: चल, गाडी काढ.

(स्कूटरवर, काकूंच्या कानाला फोन, मध्येच वाऱ्याचा आवाज.)

काका: हॅलो? तुम्ही आहात ना?

काकू: आहे, आहे. निघालेय तुमच्याकडे. जागचे हलू नका.

काका: नाही हलत. हलावंसंच वाटत नाही. काय उंच आहे हो! माणसं असं काही बांधतात आणि मग त्यावर चढतात. खालून बघताना मान दुखली, पण नजर काढवत नाही.

काकू: तुम्हीही चढायचात. परातीवर... छे, परांचीवर. उंच पाट्या रंगवायला.

काका: मी? असेन. पायांना काहीतरी आठवतंय खरं. त्याने पाय हलवला की माझाही हलतो.

पुतण्या: काकू, घट्ट धर, वळण आहे.

काका: इथून खाली एक पाटी दिसते. सायकल दुरुस्ती. निळ्यावर पांढरं.

काकू: हं.

काका: रंग उडालाय, पण ल बघा कसा वळवलाय. एका दमात. मध्ये ब्रश उचललेला नाही. हात आहे कुणाचा तरी!

काकू: तुमचाच हात आहे तो.

काका: माझा?

काकू: तुमचा. मी खाली डबा धरून उभी होते. माझ्या अंगावर सगळा पांढरा रंग सांडलात.

काका: मग मी चांगला होतो म्हणायचा.

काकू: होतो काय! आहात.

पुतण्या: दादांचा फोन येतोय. हॅलो, दादा, पोचतोच. वरून ओरडा आला? काय सांगितलंत मग? ...काकू, तो म्हणतोय, त्याने साहेबांना सांगितलं की टॉवरवर अजून एक ग्राहक बोलतोय, त्याचं बोलणं संपल्याशिवाय बंद करणार नाही.

काकू: त्याला म्हणावं, मोठा हो बाबा.

पुतण्या: त्याला नातवंडं आहेत, काकू.

काकू: तरी म्हणावं!

काका: तुम्ही कुणाशी बोलताय?

काकू: पुतण्याशी तुमच्या. गाडी चालवतोय. चढ लागलाय आता.

काका: फोन ठेवू नका हं. तुम्ही बोलताय तोवर मला इथे नीट वाटतंय.

काकू: नाही ठेवत. बोला, तो लाल टोपीवाला काय करतोय?

काका: खाली बघतोय. आता कुणाला तरी रस्ता दाखवतोय हाताने.

पुतण्या: आम्हालाच! दिसले, काकू, ते बघ कठड्यापाशी! थांबवतो, उतर सावकाश. अगं, सावकाश!

काकू: अहो! हॅलो! इकडे बघा!

काका: थांबा. एक मिनिट. तुमचा आवाज... कानात येतोय आणि समोरूनही येतोय.

काकू: हो ना.

काका: कसं काय हे? एकच आवाज दोन्हीकडून. अगं, हे कसं केलंस तू?

काकू: केलं खरं. काढा तो आता कानापासून. दमले मी.

काका: घामाघूम झालीयेस की. कशाला आलीस एवढी धावत? मी बघत उभा होतो नुसता.

काकू: हो, तुम्ही बघत उभे होतात. ही दोरी काढू द्या गळ्यातली. आणि ही घाला. चाचपा बघू.

काका: माझाच आहे.

काकू: तुमचाच आहे.

पुतण्या: दादा, झालं. बोलणं संपलं. करा बंद. ...काकू, नकाशा बघ. शून्य. आणि हा हिरवा. सगळं गाव हिरवं.

काकू: राहू दे तुझं गाव. आधी हे चालतंय का बघू. अहो, ते दोनचं दाबा जरा.

काका: तू तर समोर आहेस.

काकू: दाबा तरी. लांब धरून. ...वाजला! ऐकलंस रे? वाजला!

पुतण्या: वाजणारच! नव्या सिग्नलवरचा काकांचा पहिला फोन.

काका: हॅलो. अगं, किती स्वच्छ ऐकू येतं! तुझा श्वास ऐकू येतोय मला. असा कधी येत नव्हता.

काकू: चढून आलेय टेकडी, म्हणून.

काका: नाही, नाही. तसं नाही. बोल ना काहीतरी.

काकू: काय बोलू? इथेच उभी आहे मी तुमच्या पुढ्यात. ठेवा आता. चला घरी, बसा गाडीवर मधे.

काका: तुम्ही व्हा पुढे. मी येतो चालत. हा रस्ता खाली त्या पाटीपाशी जातो ना, तिथून बघत बघत येईन.

पुतण्या: काका, नको. आजच्या दिवस गाडीवर चला. काकू, सांग ना तू त्यांना.

काकू: (त्यांच्या गळ्यातली दोरी सरळ करत) सावकाश या हो. घाई नाही काही.

काका: बरं.

पुतण्या: अगं, आत्ताच तर एवढं सगळं झालं, आणि तू त्यांना पुन्हा एकट्याला...

काकू: गाडी चालू कर. हळू ने. तू समोर बघ, मागे मी बघते.