राजा पडत नाही

...नाही, तुम्हीच सांगा मला, राजाला ‘एक पाय वर करा’ हे सांगायचं कसं? तुम्ही म्हणाल, त्यात काय, तोंड उघडायचं आणि सांगायचं. अहो, पण ते तोंड माझं ना! मी बादू, राजाचा ओचामे, म्हणजे आमच्या राजाचं, नानांचं तोंड. आमच्या अशांती लोकांच्या मुलखात राजा चारचौघांत कुणाशी थेट बोलत नाही आणि कुणी राजाशी थेट बोलत नाही. नाना माझ्या कानात पुटपुटणार, मी मीठमसाला लावून लोकांना सांगणार, लोक मला बोलणार, मी त्यातलं कडू तेवढं गाळून नानांच्या कानी घालणार. हातात सोन्याच्या मुलाम्याची काठी, तिच्या टोकाला पक्षी. तीन पिढ्या आम्ही या तोंडाचं खातोय. निवाडे सांगितले, दंड सांगितले, जावयांच्या कागाळ्या सांगितल्या... पण ‘पाय वर करा’? तीन पिढ्यांत कुणावर ही वेळ आली नव्हती.

आता झालं काय, तर काहीच झालं नाही. म्हणजे तसंच सांगायचं असतं, कारण आमच्यात राजा पडत नाही. पडूच शकत नाही. भरसभेत पडला तर मेंढा कापा, पूर्वजांची माफी मागा, आणि वर गावभर कुजबुज की आसनानंच याला खाली ढकललं. त्यामुळे त्या सकाळी न्हाणीघरात धप्पकन आवाज झाला, बादली गडगडत अंगणापर्यंत आली, आम्ही धावत जाऊन बघतो तर नाना साबणाच्या फेसात उताणे, तेव्हा मी बाहेर येऊन काय जाहीर केलं असेल? ‘नाना जमिनीची पाहणी करतायत.’ लोकांनी माना डोलावल्या. मनगट सुजलं, कंबर काळीनिळी झाली, पण पाहणी ती पाहणी.

आणि हे सगळं कधी, तर सण तोंडावर. आमच्या सणाला राजा पालखीतून उतरतो आणि मोठ्या फोन्तोमफ्रोम ढोलांपुढे तलवार घेऊन स्वतः नाचतो. स्वतःच्या पायांनी, बरं का. झालं, आमचे सेनापती दान्सो लगेच पुढे सरसावले. सेनापती म्हणजे, ना सेना ना लढाई, पण मिशी आहे. म्हणतात कसे, ‘नानांना कशाला तसदी? ऐंशीला टेकले. यंदा पालखीतूनच बघू द्या. नाचायला राजघराण्यातला आपला क्वाबेना आहे की, तरणाबांड!’ आता हा क्वाबेना कोण? यांचा जावई! अहो, जो ढोलापुढे नाचतो, लोकांची नजर त्याच्याकडे वळते, आणि नजर वळली की आसन वळायला कितीसा वेळ लागतो?

अशात तालुक्याच्या दवाखान्यानं पोकुआला पाठवलं. फिजिओथेरपिस्ट. पायात कापडी बूट, पाठीवर पिशवी, वय माझ्या धाकट्या मुलीएवढं, आणि राहणारी अक्राची, म्हणजे शहरातली. आली, गुडघ्यात वाकली, इथवर ठीक. मग थेट नानांकडे बघून म्हणते, ‘नाना, जरा उठून उभे राहा बघू.’ दरबाराचा श्वास अडकला हो! मी म्हटलं, ‘पोरी, इकडे, माझ्याकडे बोल.’ तर म्हणते, ‘बरं, ओचामे, त्यांना सांगा, उठून उभे राहा.’ मी घसा खाकरला. ‘नाना, रानातल्या हत्ती, ही लेक विनवते की डोंगरानं आपली जागा किंचित सोडावी.’ डोंगर हलला नाही, पण दोन्ही बाजूंनी दोन गडी आले आणि त्यांनी बखोट्याला धरून डोंगर उभा केला.

‘तुम्ही नाही,’ पोकुआ म्हणाली, ‘त्यांनी.’

‘अगं, ते कसे उठतील? उठवायला माणसं आहेत ना!’

‘तेच तर! उठवायला दोघं, चालताना कमरेला हात लावायला दोघं. मान देता देता तुम्ही त्यांच्या मांड्या खाल्ल्यात. वापरच नाही तर पायात जोर राहणार कुठून?’

आता हे मी कसं सांगू? मी गाळलं. ‘नाना, ती म्हणते, आपली माणसं फार तत्पर आहेत.’ नाना ओठाच्या कोपऱ्यातून हसले. म्हातारा बहिरा थोडाच आहे. आणि गंमत सांगू का, नानांच्या त्या पितळी खिळ्यांच्या खुर्चीला आमच्यात म्हणतात आसिपिम, म्हणजे ‘मी ठाम उभा आहे’. खुर्ची ठाम उभी होती. नाना लटपटत होते.

एवढ्यावर थांबावं ना तिनं? तर म्हणे, ‘चपला काढायला सांगा.’ मी काठीला धरून कसाबसा उभा राहिलो. अहो, आमच्यात राजाच्या चपला कधी काढतात, माहितीय? त्याला आसनावरून उतरवताना! राजाचा अनवाणी पाय जमिनीला लागला की गावाचं वाटोळं. सेनापतींची मिशी तर लगेच हसायला लागली. शेवटी नानांची बहीण, आमची राजमाता (आमच्यात हा मान राजाच्या बहिणीलाही मिळतो), ती कोपऱ्यातून म्हणाली, ‘एवढे काय घाबरता? पूर्वजांना मद्य ओतताना नाना चपलेतून पाय काढून चपलेवरच उभे राहतात ना? तसेच राहतील.’ सुटलो. पण पोकुआनं चपला उलट्या करून बघितल्या आणि म्हणाली, ‘या तर गुळगुळीत. मागे पट्टा नाही, सोन्याचं ओझं वरती. याच पाडतात त्यांना.’ मी म्हटलं, ‘पाडत नाहीत. आमच्यात राजा पडत नाही.’ ती म्हणाली, ‘बरं, या चपला त्यांना पाहणी करायला लावतात.’ हुशार पोरगी. चांभाराकडून तळाला जुन्या टायरचं रबर लावून घेतलं आणि व्यायाम शिकवून गेली. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. भिंतीकडेनं एका पावलापुढे दुसरं ठेवत चालायचं. मग एक पाय वर. ‘रोज करायचं,’ म्हणाली, ‘दोन आठवड्यांनी बघायला येते.’

आली. ‘रोज झालं?’ मी छाती काढून सांगितलं, ‘एक दिवस चुकला नाही!’ ‘मग उठून दाखवा.’ नाना उठायला गेले आणि पहिल्यापेक्षाही जास्त लटपटले. पोकुआ गोंधळली. आणि तेवढ्यात तिचं लक्ष गेलं आमच्या छत्रीवाल्याकडे, ओफोरीकडे. राजछत्र घेऊन गडी एका पायावर उभा, बगळ्यासारखा, न हलता! मांड्या बघाल तर सागाच्या ओंडक्यासारख्या.

‘ओचामे,’ ती हळूच म्हणाली, ‘व्यायाम केला कुणी?’

‘नानांनी.’

‘म्हणजे कुणी?’

‘म्हणजे नानांच्या वतीनं ओफोरीनं.’ अहो, हसताय काय? नानांचा कोको कोण तोडतं? मजूर. पण नानांचाच कोको म्हणतात ना? नानांच्या वतीनं बोलतो कोण? मी. मग नानांच्या वतीनं घाम गाळायला ओफोरी, यात चुकलं काय? पोकुआ डोकं धरून खाली बसली.

आणि नाना हसायला लागले, पोट धरून. हसून झालं, मग म्हणाले, ‘बादू, सगळ्यांना बाहेर काढ.’ मी काढलं. राहिलो आम्ही चौघं, नाना, राजमाता, पोकुआ आणि मी. आणि नाना, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा माझ्या तोंडावाचून बोलले.

‘पोरी, राजा पडत नाही, हे मी या आसनावर बसल्यापासून ऐकतोय. आता न्हाणीघराचा उंबरा आला की तेच आठवतं आणि पाय कापायला लागतात. पण पालखीत बसून दुसऱ्याला माझ्या ढोलांपुढे नाचताना बघायला लागलो ना, की मी गेलोच म्हणून समज, श्वास चालू असला तरी. मला नाचायचंय. माझ्या पायांनी.’

मला वाटलं आता पोकुआ रडणार. ती म्हणाली, ‘मग उठा. हात न टेकता.’

मग सुरू झालं मागच्या अंगणात. रोज स्वयंपाकघराबाहेर फुफू, म्हणजे जेवणातला उकडलेल्या कंदांचा गोळा, कुटायची वेळ झाली की राजमाता मुसळवाल्या बायांना सांगायची, ‘मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही.’ त्या ठोक्यावर नानांच्या टाचा वर, खाली, वर, खाली. नाना दमेपर्यंत फुफू! त्या दिवसांत राजवाड्यात इतका फुफू झाला की सगळ्यांची पोटं सुटली, माझं धरून. मी आपला शेजारी काठी टेकून उभा, ‘उठावं नाना, बसावं नाना, उजवा पाय नाना.’ पोकुआ मला म्हणाली, ‘ओचामे, तुम्हीही करा की, साठी उलटलीय तुमची.’ मी म्हटलं, ‘माझं काम तोंडाचं.’ नाना तर काय काय बोलायचे! ‘बादू, त्या पोरीला सांग, तिच्या आजोबांना टांग माझ्यासमोर आणून!’ मी सांगायचो, ‘पोरी, नाना म्हणतात, तुझ्या आजोबांना सुख लाभो.’ ती म्हणायची, ‘मला ऐकू आलंय. आता डावा पाय.’

आणि हळूहळू... काय सांगू तुम्हाला! एके दिवशी नाना खुर्चीतून उठले. नुसते उठले हो, हात न टेकता, जसे तुम्ही-आम्ही उठतो. बखोट्याला धरणारे दोघं धावत आले, तर नाना उभेच. त्या दोघांना हातांचं काय करावं कळेना. राजमातेनं डोळ्यांना कापडाचं टोक लावलं. मीही लावलं.

सणाचा दिवस. मैदान फुललेलं, छत्र्या गरगरतायत, सेनापतींचा जावई ठेवणीतलं रंगीत केन्ते कापड नेसून तयार. पालखी टेकली. दोघं धरायला पुढे झाले, तर नानांनी नजरेनं त्यांना मागे सारलं आणि उतरले. फोन्तोमफ्रोम घुमला. नाना पुढे निघाले, तलवार हातात, पाऊल रुंद, टायरच्या तळाची चप्पल जमिनीला घट्ट. डावीकडे झुकले, लोकांनी श्वास धरला, परत सरळ! उजवीकडे झुकले, परत सरळ! म्हाताऱ्या बायका दोन बोटं उंचावून जयजयकार करायला लागल्या. गर्दीत पोकुआ नाचत होती. अहो, माझा राजा! माझी छाती अशी फुगली, मी काठी उंच धरली, नानांपुढे उलट्या पावलांनी नाचत ओरडलो, ‘बघा, हत्ती चालतोय! बघा, डोंगर...’

आणि माझ्याच कापडात माझा पाय अडकला.

उताणा. काठी एकीकडे, सोन्याचा पक्षी दुसरीकडे. ढोल थांबले. आणि नाना, ऐंशीला टेकलेला माणूस, पोकुआनं शिकवलं तसे गुडघ्यांत वाकले, माझा हात धरला आणि तो सगळा फुफू खाल्लेला देह एका झटक्यात उभा केला! वर सगळ्या गावादेखत, माझ्या तोंडावाचून, मला म्हणाले, ‘बादू, जरा पाय फाकवून उभा राहत जा.’

मैदान दणाणलं. सेनापतींनीसुद्धा दोन बोटं वर केली. पण रीत ती रीत. राजाचे शब्द ओचामेनं लोकांना सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाहीत. तेव्हा मी धूळ झटकली, काठी घेतली, आणि खणखणीत आवाजात सबंध गावाला सांगितलं, ‘नाना म्हणतात, ओचामेनं पाय फाकवून उभं राहावं.’

आता पोकुआ माझ्या घरी येते. मी तिच्याशी बोलतच नाही, म्हणून ती माझ्या बायकोला, मान्साला सांगते, ‘काकांना म्हणावं, टाचा उचला.’ आणि मान्साला मीठमसाला ठाऊक नाही. ‘अहो, ऐकलंत ना? उचला!’ मेंढा राहू द्या, माझ्या पडण्याला कुणी साधी कोंबडीसुद्धा कापली नाही. बरोबरच आहे म्हणा. आमच्यात राजा पडत नाही. त्याचं बोलणं मी बोलायचं, तसं त्याचं पडणंही मीच पडायचं.